मामांचा डावा हात

मोठ्या मामांबद्दल आमच्या गल्लीत एक बातमी आहे. नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी म्हणे जुन्या विजेच्या रेल्वेगाडीचं हँडल शर्टाच्या आत लपवून घरी आणलं, आणि गेली नऊ वर्षं ते उशाखाली घेतल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. बातमी काढली खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी. इस्त्रीवाल्यानं तिला पाय फोडले. जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळात पोचेपर्यंत मामा झोपण्याआधी त्या हँडलचा मुकाही घेऊ लागले होते. मंडळाचे अध्यक्ष ही गोष्ट प्रत्येक सहलीत सांगतात आणि सांगताना डोळे मिटतात. "याला म्हणतात प्रेम. हो ना? हो."

हँडलबिंडल काही नाही. उशाखाली मोजा असतो. राखाडी, लोकरीचा, घट्ट गुंडाळून दोन रबरबँड लावलेला.

"प्रेम कसलं डोंबलाचं," मामी म्हणते. "माझं मनगट वाचावं म्हणून मीच देते तो. डोळा लागला की यांची डावी मूठ आवळलीच म्हणून समजा. पहिली दोन वर्षं मी बांगडी घालू शकले नाही."

त्याचं असं आहे. त्या जुन्या गाडीत मोटरमनच्या डाव्या हाताशी एक हँडल असतं आणि त्याच्या टोकाला गोल मूठ. गाडी धावते आहे तोवर ती मूठ खाली दाबून ठेवायची. शिंक येवो, पाठ खाजो, नाकावर माशी येऊन बसो, दाबून ठेवायची. हात सुटला की गाडी समजते मोटरमन मेला, आणि करकचून ब्रेक मारून जागच्या जागी बसते. मामांनी ती मूठ चौतीस वर्षं दाबली. डेपोत त्यांना नावानं कोणी हाक मारली नाही, सगळे 'दाब्या' म्हणायचे. उजवा हात रिटायर झाला, पेपर चाळायला लागला, चहा ढवळायला लागला. डावा मात्र झोपेतही ड्युटीवर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं सुंभाला पेन्शन सुरू झालं आणि पीळ मामीच्या मनगटावर आला.

आणि प्रेमाचंच म्हणाल, तर त्या गाडीचं नाव काढलं की मामांना जांभई येते. खोटी नाही. जबडा कटकन वाजेपर्यंतची.

मामा रिटायर झाले त्याच वर्षी जुन्या गाड्याही मोडीत काढल्या. एक चार डब्यांची गाडी तेवढी मंडळानं वाचवली. रंग दिला, लाकडी बाक घासले, पितळी कड्यांना चकाकी आणली, आणि वर्षातून दोनदा हौशी लोकांची सहल काढायची परवानगी मिळवली. सकाळी डेपोतून निघायचं, पूल ओलांडून घाटमाथ्यावरच्या शेवटच्या स्टेशनात जायचं, दुपारी परत. हौसेला मोल नाही. लांबलांबहून माणसं येतात. कोणी डब्यांचे नंबर वहीत उतरवतो, कोणी खिळे मोजतो. एकजण तर केसाळ टोपडं घातलेला माईक घेऊन येतो आणि गाडीखालच्या विजेच्या मोटारींचा आवाज रेकॉर्ड करतो. त्याला सगळे 'माईकवाले' म्हणतात. डब्यात कोणी खोकलं तर ते असे बघतात की पुढचा खोकला माणूस गिळूनच टाकतो.

फक्त एक अडचण होती. ही गाडी चालवायचं योग्यतापत्र असलेला माणूस एकच उरला होता. दुसरे एक होते, ते मुलीकडे समुद्रापलीकडे राहायला गेले. म्हणजे फिरून फिरून मामाच. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

"हे शेवटचं हं," मामा दर सहलीला म्हणायचे. असं सतरा वेळा म्हणून झालं होतं. प्रत्येक सहलीच्या आधी डोळे तपासायचे, कान तपासायचे, छातीला वायरी लावून फिरत्या पट्ट्यावर चालून दाखवायचं. मग पहाटे चारला उठायचं, थंडगार लोखंडी केबिनमध्ये उभं राहायचं, आणि घरी आल्यावर तीन दिवस खांदा शेकत बसायचं. आजारी होते असं नाही. डॉक्टर विचारायचे, काय होतंय? मामा विचार करून सांगायचे, "काही नाही हो. दमायला झालंय."

सुटायचा मार्ग एकच होता: दुसऱ्याला शिकवायचं आणि त्याच्या परीक्षेच्या कागदावर सही करायची. तीनदा प्रयत्न झाले. पहिला शिट्टीच्या प्रेमात पडला. दर वळणाला वाजवायचा, न वळणालाही वाजवायचा. दुसऱ्याच्या हाताला विसाव्या मिनिटाला पेटके आले. तिसरा चांगला होता, अगदी शेवटच्या सिग्नलपर्यंत पोचला. तिथं किंचित डगमगून म्हणाला, "दाबून ठेवू ना काका?" आणि मामांच्या तोंडातून निघून गेलं, "दाब!"

झालं. कागदावर शेवटची ओळ अशी होती: शेवटच्या स्थानकापर्यंत परीक्षकाने यंत्रास हात लावला नाही व तोंडी सूचना दिली नाही. मामांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

"एक शब्द तर होता," अध्यक्ष म्हणाले. "करा सही. कोणाला कळतंय? कोणाला नाही."

"मला कळलं ना," मामा म्हणाले. तो तिसरा पुढच्याच महिन्यात बदलून गेला.

अध्यक्ष मुळात दातांचे डॉक्टर. चाळीस वर्षं समोरच्याच्या तोंडात हत्यारं घालून गप्पा मारल्यामुळे त्यांना प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच द्यायची सवय आहे. "कसे आहात? छान. घरचे? मजेत. परत येताय ना डिसेंबरात? येताय." अशा तऱ्हेनं मामा प्रत्येक वेळी तोंड न उघडता होकार देऊन बसायचे.

यंदा चौथी उमेदवार आली. नव्या गाड्यांवर सहा वर्षं मोटरमन असलेली, तिशीतली, केस घट्ट बांधलेली. मंडळात तिला सगळे 'नवी' म्हणायचे. नव्या गाडीत बटणं, पडदा आणि बसायला गुबगुबीत खुर्ची. ती सोडून ही बाई सुटीच्या दिवशी डेपोत यायची आणि उभ्या गाडीच्या केबिनमध्ये तासभर मूठ दाबून उभी राहायची. मामा शेजारी घडीच्या स्टुलावर. दोघं फारसं बोलत नसत. एकदा तिनं विचारलं, "काका, तुम्हाला आवडायचं का हो हे काम?"

मामांनी स्टूल जरा मागं सरकवलं. "सुरुवातीला आवडायचं असेल बहुतेक. आता आठवत नाही."

"मग चौतीस वर्षं कशी काढली?"

"सोडलं की थांबते ना गं."

परीक्षेची सहल वसंतातली ठरली. आदल्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी मामांची नक्कल केली. ती आमच्याकडे नेहमीच होते. डावा हात ताटाच्या कडेवर, मान कासवासारखी पुढे, डोळे अर्धे मिटलेले, आणि आवाज घशाच्या तळातून खरवडून काढलेला: "दाऽब... दाबून ठेव गं... सोडू नकोऽ..." मामी हसून हसून पाण्याचा पेला सांडते, आई तोंड फिरवून हसते. मामा स्वतः मात्र कोमट चेहऱ्यानं भात कालवत राहतात.

"हसा," ते म्हणाले. "उद्या एक शब्द बोलणार नाही मी."

"तुम्ही? तीन तास?" मामी म्हणाली. "अहो, तुम्ही झोपेतसुद्धा स्टेशनांची नावं घेता."

तिथंच पैज लागली. माझी आणि मामांची. ते परत येईपर्यंत केबिनमध्ये एक शब्दही बोलले नाहीत तर मी वर्षभर त्यांची नक्कल करायची नाही. बोलले, तर त्यांनी पुढच्या लग्नकार्यात सगळ्यांसमोर उभं राहून स्वतःच स्वतःची नक्कल करून दाखवायची. मला झोप लागेना इतका आनंद झाला होता, कारण हा सौदा मला फुकटातच पडल्यासारखा होता.

सकाळी मामी डबा देताना म्हणाली, "दोन केळी आहेत, चार अंडी उकडून ठेवलीत. सुटून या एकदाचे."

मामांनी डबा घेतला. दारात थांबून म्हणाले, "ती बरी आहे गं, ही पोरगी. हात चांगला आहे तिचा." मग जरा वेळानं, "माझंच तोंड."

गाडी डेपोत उभी होती, काळपट लाल, घासूनपुसून नवरीसारखी. फलाटावर हौशी मंडळी आधीच डब्यांना बिलगली होती. माईकवाले मोटारीच्या वरच्या बाकावर जागा धरून लोकांना आतापासूनच गप्प करत होते. अध्यक्ष छापील कार्यक्रमपत्रिका वाटत होते. मामांनाही एक मिळाली. त्यांनी ती घडी करून, न वाचता, खिशात ठेवली. सतरा वेळा वाचली होती, अठराव्यांदा काय वेगळं असणार?

इथंच घोडं पेंड खाणार होतं.

निघताना सगळं ठीक होतं. नवीनं गार्डची घंटी ऐकली, मूठ दाबली, हँडल एकेक घर पुढे सरकवलं. जुन्या मोटारी खालून कण्हल्या, मग गुणगुणल्या. मामा कोपऱ्यात घडीच्या स्टुलावर. डावा हात त्यांनी सरळ मांडीखाली घालून त्याच्यावर बसकण मारली. हात तरीही दाबतच होता, आता स्टुलाच्या लाकडाला. पहिलं स्टेशन गेलं. दुसरं गेलं. ब्रेक तिनं लोण्यासारखा लावला. मामांना पुष्कळ दिवसांत पहिल्यांदाच खिडकीतून बाहेर बघायला मिळालं. रुळांच्या कडेला लोकांनी भाज्या लावल्या होत्या. एका गच्चीवर एक बाई चादर झटकत होती. चौतीस वर्षं ही गच्ची इथंच असणार, त्यांच्या मनात आलं, आणि आपण कधी पाहिली नाही. यात वाईट वाटण्यासारखं काही होतं की नाही हे ठरवायच्या आत त्यांना जांभई आली.

पुढं चढ लागला. चढाच्या वरच्या अंगाला पूल आहे. त्या पुलावर एका वीजघराची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते, म्हणून मधल्या अख्ख्या टप्प्यात वरच्या तारेत वीजच नसते. रेल्वेची माणसं त्याला नुसतं 'गॅप' म्हणतात. गॅपच्या आधी मोटरमननं वीज बंद करायची आणि आधीच्या वेगावर गाडी नुसती वाहू द्यायची. डब्यातले दिवे जातात, मोटारी गप्प होतात, चाकांचा तेवढा आवाज उरतो. हौशी लोकांना हेच सगळ्यात आवडतं. माईकवाले तर त्यासाठीच येतात. पण चढ आहे, गाडी म्हातारी आहे. पुलावर शिरताना निदान ताशी छत्तीसचा वेग हवा. नसेल तर गाडी गॅपच्या मधोमध येऊन थांबते आणि मग ब्रह्मदेव आला तरी हलत नाही. डिझेलचं इंजिन येऊन ओढून नेईपर्यंत चार तास. असं एकदा झालं की परवानगी रद्द. परवानगी गेली की परीक्षा कसली न् काय.

पुलाच्या शंभर पावलं अलीकडे, वळणावर, एक बंद पडलेला छोटा फलाट आहे. नवी तिथं ब्रेक लावायला लागली.

मामांना आधी वाटलं सिग्नल लाल असेल. सिग्नल हिरवा होता. त्यांनी खिशातून कार्यक्रमपत्रिका काढली, चष्मा पुसला आणि वाचलं: 'छायाचित्रांसाठी थांबा, पंधरा मिनिटं, पुलाअलीकडील जुना फलाट.' सतरा वेळा हा थांबा पुलापलीकडे असायचा. यंदा अध्यक्षांनी तो अलीकडे आणला होता. सकाळचं ऊन या बाजूनं पडतं ना! वळणावर गाडी, मागं पूल, फोटो झकास. बघायला गेलं तर चूकही नव्हती. कुठल्याही छायाचित्रकारानं हीच जागा निवडली असती. गाडी चालवणाऱ्यानं फक्त निवडली नसती.

गाडी थांबली. लोक पटापट उतरले, गवतात गुडघे टेकले, एकमेकांना "डोकं, डोकं खाली!" म्हणून ओरडायला लागले. आणि मामांच्या घशात एक अख्खं वाक्य येऊन उभं राहिलं.

इथून सुटलीस तर वेग धरणार नाही गं, गॅपमध्ये अडकशील.

एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं की दीडशे माणसांचे चार तास वाचणार होते. आणि म्हटलं की कागदाची शेवटची ओळ खोटी होणार होती, डिसेंबर येणार होता, पट्ट्यावर चालणं येणार होतं, खांदा शेकणं येणार होतं. मामांनी मनाशी ठरवलं: सुटायची घंटी होईपर्यंत थांबायचं. घंटी झाल्यावर तिनं मूठ दाबून हँडल सरकवलं तर बोलायचं. मग जे व्हायचं ते होवो. माणसं अडकवून मिळालेली सुटका नको.

पंधरा मिनिटं. नवी पाणी प्यायली. तिनं पत्रिका पुन्हा वाचली. मामांची मांडीखालची बोटं बधिर व्हायला लागली होती.

गार्डची घंटी झाली. ठण्ण, ठण्ण.

नवीनं डावा हात मुठीवर ठेवला. मामांनी तोंड उघडलं.

हँडल सरकलं नाही. ती पुढे वाकून काचेतून पुलाकडे बघत होती. गॅपच्या पिवळ्या पाटीकडे. ओठ हलत होते, जणू पाढे म्हणत होती. मग तिनं मूठ सोडली आणि गार्डचा फोन उचलला. "गार्डसाहेब, इथून वेग मिळणार नाही. मला मागं घ्यायचीय, तीनशे मीटर, सपाटीपर्यंत. कंट्रोलला विचारा आणि सगळ्यांना डब्यात बसवून घ्या."

मामांनी उघडलेलं तोंड मिटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की ते मिटून राहील याचा काही भरवसा नाही, कारण केबिनच्या खिडकीखाली अध्यक्ष आले होते.

"काय झालं? निघूया ना? निघूया. उशीर होतोय, हो ना? होतोय."

"मागं घेतेय गाडी," नवी म्हणाली. "कंट्रोलची परवानगी येऊ दे."

"मागं? का? मागं कशाला? वरच्या स्टेशनात जेवण थांबलंय, गार होईल ना? होईल." त्यांनी मान उंच करून कोपऱ्यात पाहिलं. "सर! सर, तुम्ही सांगा ना हिला. दरवेळी तर निघतो आपण फोटो काढून. निघतो की नाही? निघतो."

मामांच्या जिभेवर आता एक नाही, सात-आठ वाक्यं होती, आणि त्यातली तीन तरी डेपोतली होती. त्यांनी उजव्या हातानं डबा उघडला, एक अख्खं उकडलेलं अंडं काढलं आणि तोंडात कोंबलं.

"सर?"

"म्म्म," मामा म्हणाले. "म्म् म्म्मं म्म."

दुसरा कोणी असता तर चिडला असता. पण चाळीस वर्षं भरल्या तोंडांशी बोलण्यात गेलेला माणूस तो. अध्यक्षांनी मान हलवली, जणू दाढेचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं. "अच्छा. असं आहे होय? बरं बरं. मग घ्या मागं." आणि लोकांना डब्यात चढवायला निघून गेले.

कंट्रोलची परवानगी यायला अकरा मिनिटं लागली. मामांनी तेवढ्यात दुसरं अंडं खाल्लं. भूक नव्हती. खबरदारी म्हणून.

गार्डनं मागं बघून इशारे दिले, तिनं गाडी मुंगीच्या पावलानं मागं घेतली. सपाटीवर थांबली. हात पँटला पुसले. मूठ दाबली.

या खेपेला तिनं घाई केली नाही की रेंगाळलीही नाही. एकेक घर. मोटारी कण्हल्या, गुणगुणल्या, मग गायलाच लागल्या. वीस. सत्तावीस. वळण. रिकामा फलाट बाजूनं सरकला. तेहतीस. पस्तीस. पिवळी पाटी आली आणि काटा छत्तीसावर टेकला न टेकला, तेव्हा तिनं वीज बंद केली. मूठ मात्र दाबलेली.

दिवे गेले. मागच्या डब्यांतून कोणीतरी "आऽ" केलं आणि लगेच कोणीतरी "शूऽ" केलं. चाकं पुलाच्या लोखंडावर खडखडायला लागली. एकतीस. अठ्ठावीस. मामा काट्याकडे बघत नव्हते, पायांनी मोजत होते. वेग तळव्यांना कळतो, ते कायमचंच होतं. पंचवीस. एकवीस. खाली नदी किती वेळ चालली होती! सतरा. नवीच्या मानेवर घामाचा ओघळ उतरत होता. मामांचा डावा हात मांडीखाली इतका आवळला की स्टूल करकरलं. सोळा. पंधरा. चौदा.

दिवे आले.

तिनं हँडल पुढं घेतलं, मोटारींनी धक्का दिला, गाडी पूल सोडून वर निघाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. शाबासकीची वाट पाहिली नाही. मामांना ते सगळ्यात आवडलं.

वरच्या स्टेशनात त्यांनी कागद काढला, घडी गुडघ्यावर सपाट केली, प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली, शेवटची दोनदा. आणि सही केली. नवीनं कागद हातात घेतला. नाकाचा शेंडा लाल झाला होता तिचा.

"काका, तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

मामांनी नुसती मान डोलावली. परतीचा प्रवास बाकी होता. पैज अजून चालू होती.

"मग बोलला नाहीत?"

मामांनी डबा उघडून तिच्यापुढे केला. उरलेल्या दोन अंड्यांतलं एक तिनं घेतलं.

परतीला त्यांना केबिनमध्ये बसायची गरज नव्हती. योग्यतापत्र असलेली मोटरमन गाडी चालवत होती. मामा तिसऱ्या डब्यात खिडकीच्या बाकावर जाऊन बसले. या गाडीत प्रवासी म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदा बसले होते, आणि पहिल्या स्टेशनच्या आत झोपले. माईकवाले समोरच होते. त्यांच्याकडे त्या प्रवासाचं पूर्ण रेकॉर्डिंग आहे. त्यात पुलावर मोटारी गप्प झाल्यावर चाकांच्या खडखडाटावर एक लांब, संथ घोरणं ऐकू येतं. त्यांनी ते कापून टाकलेलं नाही. ते म्हणतात, ही दुर्मिळ नोंद आहे. झोपलेल्या मामांचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता, बोटं सैल. हे गार्डसाहेबांनी पाहिलं आणि मामीला सांगितलं.

मामीनं त्या दिवशी मोजा कपाटात ठेवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा काढला. पीळ कुठला जातोय इतक्यात.

"आता सुटलात ना? कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

मामा खांदा शेकत बसले होते. "वाटलं होतं हलकं वाटेल," ते म्हणाले. "नुसतं दमायलाच झालंय अजून. इतक्या वर्षांचं साठलेलं असणार. जाईल हळूहळू."

पैजेचा निकाल लागायला थोडा वाद झाला. "म्म् म्म्मं म्म" हे बोलणं धरायचं, असं माझं म्हणणं पडलं, कारण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ कळला होता. मामीनं नवीला फोन लावला. नवी फोनवर हसत सुटली आणि मग परीक्षकाच्या आवाजात म्हणाली, "अंड्याचा आवाज सूचनेत धरत नाहीत." मामांनी माझ्याकडे पाहिलं, मान कासवासारखी पुढं केली, डोळे अर्धे मिटले, आणि एक शब्दही न बोलता डावा हात माझ्या तोंडावर हलकेच दाबून धरला.

मी हरले. वर्षभर तोंडानं नक्कल बंद. लिहायचं नाही, असं मात्र कोणी म्हटलं नव्हतं.